सनबेड, त्वचेचा कॅन्सर आणि सरकारी बंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत 'टॅन' हा शब्द आला तो काढून टाकण्यासाठीच. पार्लरच्या दरपत्रकावर 'डी-टॅन' असतं, आजीच्या डब्यात त्याच कामाचं हळद-बेसन. पैसे मोजून, यंत्रात झोपून कुणी मुद्दाम रापून घेतं, हे ऐकून आपली माणसं आधी हसतातच. पण मेलबर्न, लंडन किंवा न्यू जर्सीत वाढणारी आपली मुलं ज्या मैत्रिणींबरोबर शाळेत जातात, त्यांच्यात रापलेला रंग म्हणजे सुट्टी आणि समुद्र. घरात मग प्रश्न सुरू होतात. मेलबर्नच्या मराठी मंडळींकडून गेल्या काही वर्षांत कानावर आलेले हे प्रश्न. ऑस्ट्रेलियाबद्दल जास्त लिहिलं आहे, कारण या विषयात सरकारने टप्प्याटप्प्याने काय केलं, ते इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

सनबेड म्हणजे गोव्यात शॅकपुढे मांडलेले पलंग ना?

नाव तेच, वस्तू वेगळी. गोव्यातल्या सनबेडवर छत्री असते आणि वर खरा सूर्य. इथे ज्याबद्दल बोलतोय ती शिंपल्यासारखी उघडमीट होणारी पेटी. आत खाली-वर ट्यूबलाइटसारख्या नळ्यांच्या रांगा, त्यातून अतिनील किरण बाहेर पडतात. माणूस जवळपास उघड्या अंगाने, डोळ्यांवर छोटे गॉगल लावून आत झोपतो, झाकण ओढून घेतो आणि काही मिनिटं पडून राहतो. काही ठिकाणी उभं राहायची केबिन असते. ऑस्ट्रेलियात या दुकानांना 'सोलारियम' म्हणायचे. आज दिसणारा सनबेड १९७० च्या दशकात जर्मनीत फ्रीडरिश वोल्फ यांनी आणला. तिथून तो अमेरिकेत गेला आणि सलून, जिम, हॉटेलं सगळीकडे पसरला.

किरण सूर्याचेच ना? मग उन्हापेक्षा वेगळं काय?

जात तीच, मिश्रण आणि मात्रा वेगळी. जमिनीवर पोचणारे अतिनील किरण दोन प्रकारचे: यूव्हीए खोल जातात, यूव्हीबी वरच्या थरात अडतात आणि कातडी भाजतात. सनबेडच्या नळ्यांतून मुख्यतः यूव्हीए येतात, तेही दुपारच्या उन्हापेक्षा कितीतरी जास्त. यूव्हीबी थोडे असल्याने अंग पटकन लाल होत नाही, म्हणून गिऱ्हाइकाला वाटतं की काही झालंच नाही.

युरोपात सनबेडसाठी ठरलेली कमाल मर्यादा आहे दर चौरस मीटरला ०.३ वॉट. त्वचा भाजण्याच्या हिशेबाने केलेलं हे माप अतिनील निर्देशांकावर १२ येतं, म्हणजे उष्ण कटिबंधातली भर दुपार. मे महिन्यात बारा वाजता आपल्याकडे शेतातला बैलसुद्धा झाडाखाली असतो. त्या उन्हात उघड्या अंगाने गच्चीवर झोपायला सांगितलं, तर सांगणाऱ्याला आपण वेड्यात काढू. पेटीत मात्र तेच ऊन मिनिटाच्या हिशेबाने विकलं जातं.

आणि हे कागदावरचं माप. इंग्लंडमध्ये चारशेहून अधिक सनबेड प्रत्यक्ष मोजून पाहिले गेले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दहापैकी नऊ यंत्रं मर्यादेच्या वर निघाली.

रापल्याने त्वचेचं रक्षणच होतं ना? शेतकरी नाही का आयुष्यभर उन्हात असतात?

अतिनील किरण पेशीतल्या डीएनएवर आदळतात, तिथले दुवे चुकीचे जोडले जातात. हा बिघाड लक्षात आला की पेशी रंगद्रव्य बनवणाऱ्या शेजारणींना हाक मारते, त्या मेलॅनिन पुरवतात, आणि रंग गडद होतो. रापणं ही नुकसान झाल्यानंतरची धावपळ असते. घर पेटल्यावर बादल्या धावल्या म्हणून बादल्यांमुळे आग लागणार नाही, असा हिशेब कुणी करत नाही.

बिघडलेला बहुतेक डीएनए शरीर दुरुस्त करतं. थोडा सुटतो. सुटलेलं साठत जातं, आणि तरुण वयात सुरुवात केली तर साठायला वेळही भरपूर मिळतो.

शेतकऱ्याचं म्हणाल, तर तो पागोटं, टोपी, अंगभर सदरा घालून उन्हात जातो. शेतमजूर बाया साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला रुमाल बांधतात. ऑस्ट्रेलियाने १९८१ मध्ये 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' या घोषणेतून साऱ्या देशाला सांगितलं ते असंच काहीसं: शर्ट चढवा, सनस्क्रीन फासा, टोपी घाला.

सनबेडने कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय की नुसती भीती?

सिद्ध झालंय. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधल्या लियोन शहरात आहे. २००९ मध्ये तिने सनबेडना 'माणसात कॅन्सर घडवणारे' या पहिल्या गटात टाकलं. त्याआधी ते 'बहुधा घडवणारे' या पायरीवर होते. याच पहिल्या गटात तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसही आहेत, म्हणून काही बातम्यांनी 'सनबेड सिगरेटइतकाच घातक' असं छापलं. तो अर्थ चुकीचा. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो. धोका किती मोठा, ते त्यातून कळत नाही.

धोक्याचे आकडे वेगळे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये काढलेला निष्कर्ष असा: आयुष्यात कधीतरी सनबेड वापरलेल्यांना मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर होण्याचा धोका न वापरणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त, आणि पस्तिशीच्या आत सुरुवात केलेल्यांना ५९ टक्के जास्त. हे तुलनेतले टक्के आहेत. ५९ टक्के लोकांना कॅन्सर होतो असं कुणी फॉरवर्ड केलं, तर त्याला इथेच थांबवा. एकेकट्या माणसाचा धोका आधी किती होता, त्यावर सगळं अवलंबून. आणि गोऱ्यापान कातडीच्या, ठिपकेदार चेहऱ्याच्या माणसाचा तो मुळातच मोठा असतो.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते आइसलँडचं उदाहरण. तिथे ऊनच मुळात कमी, वर्षातला बराच काळ माणसं लोकरीत गुंडाळलेली. तरी १९९० च्या दशकात तरुण बायकांमध्ये मेलॅनोमा झपाट्याने वाढला, आणि तोही धडावर, जिथे आइसलँडचं ऊन क्वचितच पोचतं. सनबेडची फॅशन तिथे त्याआधीच घरोघर पोचली होती. पुढे जनजागृती झाली, वापर घटला, आणि आकडेही खाली आले.

ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात आढळलं की ज्यांनी सनबेड वापरला होता आणि ज्यांना १८ ते २९ या वयात मेलॅनोमा झाला, त्यांच्यातल्या ७६ टक्के रुग्णांचा आजार सनबेडच्या खात्यावर जातो.

मेलॅनोमा म्हणजेच त्वचेचा कॅन्सर ना?

तो त्यातला एक प्रकार, सगळ्यात जीवघेणा. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींत सुरू होतो आणि लवकर पसरतो. बेसल सेल आणि स्क्वेमस सेल हे दोन प्रकार कितीतरी जास्त दिसतात. बहुतेक वेळा ते कापून काढता येतात, पण नाकाच्या शेंड्यावर किंवा पापणीवर असले तर कापणंही सोपं नसतं. सनबेडने या तिन्हींचा धोका वाढतो.

ऑस्ट्रेलियात बंदी कशी आली?

इथे सत्तरीपर्यंत दर तीन माणसांतल्या दोघांना त्वचेचा कुठला तरी कॅन्सर होतो. अशा देशात सोलारियम चालू होती, हेच आज नवल वाटतं. त्यांना बराच काळ कायदाच नव्हता. होती ती ऐच्छिक नियमावली, म्हणजे दुकानदाराची इच्छा असेल तर पाळायची. घरमालकाने पागडी घेऊ नये अशी विनंती करण्यासारखंच ते.

चित्र बदललं २००७ मध्ये. मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर ही तरुणी मेलॅनोमाने शेवटच्या टप्प्यात होती. आपण सोलारियममध्ये जात होतो, आणि त्याच्या धोक्याबद्दल सरकारने काहीतरी करावं, असं तिने आजारपणातच माध्यमांसमोर सांगितलं. सप्टेंबर २००७ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, ती गेली. एका माणसाचा कॅन्सर नेमका कशाने झाला, हे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि तिने समुद्रकिनाऱ्यावरचं ऊनही घेतलं होतं. पण आकडेवारी कितीही जमली तरी मंत्री हलत नाहीत, चेहरा दिसला की हलतात. हे मुंबईतही खरं, मेलबर्नमध्येही.

२००८ पासून राज्यांनी एकेक करून नियम आणले: १८ वर्षांखालच्यांना आणि सगळ्यात गोऱ्या, नुसत्या भाजणाऱ्या कातडीच्या लोकांना मनाई, भिंतीवर इशारे, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, परवाने. नियम चांगले होते. पाळले जात होते का, हा प्रश्न होता. काउंटरवर बसलेल्या वीस वर्षांच्या मुलीने गिऱ्हाइकाच्या कातडीचा प्रकार ठरवायचा आणि मालकाचं उत्पन्न परत पाठवायचं, अशी ती व्यवस्था. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने मुलाचं आधार कार्ड बघून सिगरेट नाकारावी, असं आपण म्हणतो, आणि पुढे काय होतं तेही जाणतो.

फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यू साउथ वेल्सने सरळ जाहीर केलं की व्यावसायिक सोलारियम बंद. दुकानदारांना जवळजवळ तीन वर्षांची मुदत दिली. मग व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया, टास्मानिया, क्वीन्सलँड आणि राजधानीचा प्रदेश त्याच वाटेने गेले. २०१४ संपलं आणि या सगळ्या ठिकाणची दुकानं बंद झाली. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया एक वर्ष मागे, १ जानेवारी २०१६. नॉर्दर्न टेरिटरीत व्यावसायिक सोलारियम नव्हतीच. क्वीन्सलँडने जमा केलेल्या प्रत्येक यंत्रामागे १,००० डॉलरपर्यंत देऊ केले. मालकांच्या मते ती चेष्टाच होती, कारण यंत्र त्याच्या कितीतरी पट महाग. ज्यांनी नियम पाळून, परवाना घेऊन धंदा केला होता त्यांची तक्रार मला पूर्णपणे खोटी वाटत नाही. पण आधी सांगून, मुदत देऊन दुकान बंद करायला लावणं हा अन्यायही म्हणता येणार नाही.

म्हणजे आता ऑस्ट्रेलियात एकही सनबेड नाही?

आहेत. बंदी पैसे घेऊन वापरू देण्यावर आहे. स्वतःच्या घरी स्वतःचा सनबेड वापरण्यावर नाही. दुकानं बंद होत असताना जुनी यंत्रं स्वस्तात विकली गेली आणि काही लोकांच्या गॅरेजमध्ये पोचली. तिथे ओळखीतल्या लोकांना गुपचूप वेळ देणारेही निघाले. व्हिक्टोरियाच्या आरोग्य खात्याने असे अड्डे शोधून खटले भरले आहेत. अशा ठिकाणी नळ्या किती जुन्या, किती तीव्र, टायमर चालतो का, हे बघणारं कुणी नसतं. कुणी मेसेजवर पत्ता पाठवून 'फक्त रोख' म्हणालं तर समजून जा.

तरी बंदीचा उपयोग झाला नाही असं म्हणणं बरोबर नाही. मॉलमध्ये पाटी दिसत नाही, बारावीच्या मुलीला वाटेत दुकान लागत नाही, 'दहा सेशनवर दोन फ्री' अशी योजना नाही. सवय लागते ती अशाच वाटेवर.

इतर देशांचं काय?

ब्राझील सगळ्यांच्या पुढे. २००९ च्या अखेरीस तिथल्या आरोग्य नियामक संस्थेने सौंदर्यासाठीचे सनबेड देशभर बंद केले. असं करणारा तो पहिला देश.

ब्रिटनमध्ये बंदी वयापुरती आहे. स्कॉटलंडने १८ वर्षांखालच्यांना २००९ च्या डिसेंबरपासून मनाई केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१० चा कायदा एप्रिल २०११ पासून लागू झाला. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये २०१२. स्कॉटलंड आणि वेल्सने कर्मचारी नसलेली, नाणी टाकून चालणारी सलूनंही बंद केली. इंग्लंडच्या कायद्यात ती तरतूद आली नाही. कर्मचारीच नसेल तर वय विचारणार कोण, हा प्रश्न शिल्लकच राहतो. लेस्टर किंवा लंडनला शिकायला गेलेल्या मुलांना आज भर बाजारात सनबेडचं दुकान दिसतं ते बंदी वयापुरतीच असल्यामुळे.

जर्मनीत २००९ पासून अठराच्या आतल्यांना मनाई. न्यूझीलंडने तीच वयाची अट २०१७ मध्ये कायद्यात घातली, पण शेजारच्या ऑस्ट्रेलियासारखी पूर्ण बंदी केली नाही. फ्रान्सच्या आरोग्यसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सरकारला बंदीचीच शिफारस केली. युरोपीय आयोगाच्या शास्त्रीय समितीने तर २०१६ मध्येच म्हटलं होतं की सनबेडच्या किरणांसाठी सुरक्षित अशी कोणतीही मर्यादा नाही.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं. कॅलिफोर्नियाने २०१२ च्या पहिल्या दिवसापासून अठराखालच्यांना पूर्ण मनाई केली, असं करणारं ते पहिलं राज्य. केंद्राने २०१० मध्ये सनबेडच्या सेवेवर १० टक्के कर बसवला आणि २०१४ मध्ये यंत्रावर ठळक चौकटीत इशारा सक्तीचा केला. त्याआधी ही यंत्रं कमीत कमी धोक्याच्या वर्गात, म्हणजे बँडेजच्या पंगतीला, बसवलेली होती!

सिगरेट विकायला परवानगी आणि सनबेडवर बंदी, हा दुटप्पीपणा नाही का?

आहे. सिगरेट आज पहिल्यांदा बाजारात आली असती तर कुठल्याच देशाने तिला परवानगी दिली नसती. ती टिकली आहे तिच्या वयावर आणि महसुलावर. सनबेडचा धंदा त्या मानाने लहान, त्याच्या मागे मतपेढी नाही, सरकारी तिजोरी नाही. म्हणून तो बंद करता आला. एक गोष्ट जमली नाही म्हणून दुसरी जमत असताना सोडून द्यावी, हा युक्तिवाद मला पटत नाही.

'ज्याची त्याची मर्जी' या मुद्द्यात मात्र दम आहे, प्रौढांच्या बाबतीत. फक्त दोन गोष्टी बघायला हव्यात. एक, बहुतेकांची सवय मर्जी पक्की होण्याआधी, सोळा-सतराच्या वयात लागते. दुसरं, अतिनील किरणांनी त्वचेत एंडॉर्फिन तयार होतं, अफूच्या जातीचं रसायन. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना रोज असे किरण दिले आणि मग अफूचा परिणाम रोखणारं औषध टोचलं, तर ते व्यसन तुटल्यासारखे थरथरले.

आपण सावळे. आपल्याला हे सगळं कशाला?

सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, संरक्षण जास्त, आणि भारतीयांमध्ये मेलॅनोमा खरोखर कमी. ज्यांना हा धोका सगळ्यात मोठा, त्यांच्यात आपण नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. शिवाय सनबेडमधल्या यूव्हीएमुळे आपल्या कातडीवर वांग आणि काळे डाग हमखास गडद होतात, आणि मग पुन्हा डी-टॅनची पायरी चढावी लागते.

आपल्यासारख्यांचा मेलॅनोमा बऱ्याचदा भलत्याच जागी येतो: तळपाय, तळहात, नखाखाली. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये गेला तो पायाच्या अंगठ्यापासून सुरू झालेल्या अशाच मेलॅनोमाने. 'आपल्याला होतच नाही' या समजुतीमुळे तळपायाचा डाग महिनोन्‌महिने कुरूप किंवा चप्पल चावल्याचा व्रण म्हणून खपून जातो.

सुट्टीला जाण्याआधी थोडा 'बेस टॅन' केला तर ऊन बाधत नाही म्हणतात.

एसपीएफ म्हणजे सनस्क्रीनच्या ट्यूबवर लिहिलेलं संरक्षणाचं माप. रापलेल्या कातडीचं संरक्षण जेमतेम ३-४ एसपीएफचं. तीस एसपीएफची ट्यूब त्याहून स्वस्त.

व्हिटॅमिन डी साठी तरी चालेल?

डी जीवनसत्त्व यूव्हीबीमुळे बनतं, आणि सनबेड मुख्यतः यूव्हीए देतो. मेलबर्नच्या हिवाळ्यात आपल्यापैकी अनेकांचं डी कमी निघतं, हे खरं; त्यावर साधी गोळी आहे, डॉक्टर देतात. सनबेड सुरक्षित आहे, कॅन्सरचा धोका वाढवत नाही, असे दावे जाहिरातीत केल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिथल्या सनबेडवाल्यांच्या संघटनेवर कारवाई केली आणि २०१० मध्ये ते दावे थांबवायला लावले.

माझ्या बहिणीला पुण्यात कोडासाठी लाइट देतात. तेही बंद करायचं का?

मुळीच नाही, आणि या लेखाच्या नावाखाली तर नाहीच. कोड, सोरायसिस यांसाठी त्वचारोगतज्ज्ञ देतात ती फोटोथेरपी. तिथे बहुतेक ठिकाणी ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्ट्याचा यूव्हीबी वापरतात. मात्रा सेकंदांत मोजतात, दर वेळी नोंद करतात, कातडी लाल झाली तर कमी करतात, आणि एकूण किती झालं याचा हिशेब ठेवतात. प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा करण्यासाठी डेन्मार्कच्या नील्स फिन्सन यांना १९०३ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हापासूनची ही परंपरा. ऑस्ट्रेलियाची बंदी यावर नाही. उलट, 'दवाखान्यात जायला वेळ नाही, सलूनमध्ये लाइट घेते' असं कुणी म्हणालं तर थांबवा. तिथला प्रकाश वेगळा आणि मात्रा बेहिशेबी.

मुलीला शाळेच्या फॉर्मलसाठी (नटूनथटून जायच्या पार्टीसाठी) टॅन हवाच आहे. स्प्रे टॅन चालेल?

चालेल. त्यातलं डीएचए हे रसायन कातडीच्या वरच्या मृत थराला तपकिरी करतं. फोडणीत कांदा तांबूस होतो किंवा पाव खरपूस भाजतो, त्याच जातीची क्रिया. आठवड्याभरात निघून जातं. फवारताना डोळे, ओठ झाकायचे आणि श्वासात जाऊ द्यायचं नाही. आणि हा नुसता रंग आहे; दुसऱ्या दिवशी उन्हात जाताना सनस्क्रीन लागणारच. आजीला रंग आवडणार नाही, ते घरात निस्तरा.

नाकात मारायचे टॅनिंग स्प्रे आणि मेलॅनोटॅन या रंग गडद करणाऱ्या रसायनाची इंजेक्शनं मात्र अजिबात नकोत. इन्स्टाग्रामवर मिळतात, आत काय आहे ते कुणी तपासलेलं नसतं.

जेल नेलपॉलिश वाळवायचा दिवा?

त्यातूनही यूव्हीए येतो. २०२३ च्या एका प्रयोगात प्रयोगशाळेतल्या पेशींच्या डीएनएचं त्याने नुकसान झालं. पण सनबेडसारखा माणसांतला पुरावा इथे नाही. बोटं कापलेले हातमोजे घाला आणि लग्नाला जा.

कॉलेजात असताना काही वेळा वापरला होता. आता काय करू?

आता वापरत नसाल तर सगळ्यात मोठं काम झालं. झालेलं नुकसान पुसता येत नाही, पण मेलॅनोमा लवकर सापडला तर बहुधा कापूनच प्रश्न सुटतो. म्हणून तीन-चार महिन्यांतून एकदा उजेडात, आरशासमोर सगळं अंग बघा. पाठ आणि डोक्याची त्वचा घरच्यांना बघायला सांगा. तीळ दोन बाजूंनी सारखा नाही, कडा वेड्यावाकड्या, एकाच तिळात दोन-तीन रंग, पेन्सिलीमागच्या खोडरबराहून मोठा, किंवा गेल्या काही महिन्यांत बदललेला: यातलं काही दिसलं तर डॉक्टर. बदल हे सगळ्यात महत्त्वाचं लक्षण. जन्मापासूनचा शांत तीळ सहसा शांतच राहतो. खाजणारा किंवा रक्त येणारा तीळ, बरी न होणारी जखम हेही दाखवा.

ऑस्ट्रेलियात आधी तुमच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जा आणि सोलारियम वापरल्याचं स्वतःहून सांगा. आपल्या रंगाकडे बघून ते विचारायचे नाहीत. तळपाय आणि नखंही बघायला लावा, त्यासाठी मोजे काढावे लागतील.